तालुक्याचे महाविद्यालय की विद्यापीठाची प्रशाळा?

शहादा, शिरपूर, चोपडा किंवा पाचोरा येथे बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याच्या घरी निकालानंतर एकच चर्चा असते: एम.एस्सी. जवळच्याच महाविद्यालयात करावी, की जळगावला विद्यापीठाच्या प्रशाळेत, म्हणजे विद्यापीठ स्वतः आपल्या आवारात चालवत असलेल्या विभागात, जावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. त्याआधी खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांतून मिळणारी पदवी आणि प्रशाळेतून मिळणारी पदवी एकाच विद्यापीठाची असते. त्यामुळे केवळ पदवीपत्रावरील नावासाठी घर सोडण्याचे कारण नाही.

खरा फरक शिकण्याच्या सवयीत आहे. महाविद्यालयात तीन वर्षे काढलेला विद्यार्थी सरांना नावानिशी, कित्येकदा वडिलांच्या नावानिशी ठाऊक असतो. जर्नल द्यायचे राहिले तर शिपाईमामा निरोप घेऊन येतात. प्रशाळेत असा निरोप येत नाही, सूचना फलकावर लागते आणि ती वाचणे हे आपले काम असते. मी शहादा तालुक्यातून प्रशाळेत गेलो तेव्हाचे पहिले प्रात्यक्षिक आठवते. पदवीला आम्हां चौघांत एक उपकरण असे, ते एक हुशार मित्र चालवी आणि उरलेले तिघे रीडिंग उतरवून घेत. मी त्या तिघांतला. प्रशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटरसमोर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या उपकरणासमोर, एकटाच बसलो, ब्लँक (उपकरण शून्यावर आणण्यासाठी आधी ठेवायचे, तपासायचा पदार्थ नसलेले द्रावण) न लावता थेट नमुना ठेवला आणि आलेले आकडे सुवाच्य अक्षरात वहीत मांडले. मॅडमनी वही पाहून एवढेच विचारले, ‘शून्य कशावर केलं?’

अमेरिकेत दोन वर्षांच्या कॉलेजातून विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सुरुवातीला घसरतात, असे हिल्स या अभ्यासकाने १९६५ मध्ये मांडले आणि त्याला ‘ट्रान्सफर शॉक’ म्हटले. तिकडची व्यवस्था वेगळी असली, तरी पहिल्या सत्रातील ती घसरण आपल्याकडेही ओळखीची आहे. तिच्यात भाषेची भर पडते. घरी अहिराणी बोलणारा मुलगा वर्गात गप्प बसतो, तो शंका नसते म्हणून नव्हे; शंका आधी प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तेव्हा प्रशाळा निवडणाऱ्याने पहिले सत्र थोडे तोट्यात जाईल असे धरूनच चालावे आणि त्या गुणांवरून घरी परतण्याचा निर्णय घेऊ नये.

खर्चात महाविद्यालय उघडच स्वस्त पडते, कारण खोली आणि मेस वाचते. मात्र अर्ज न करताच जळगाव परवडत नाही असे ठरवू नये: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी अनुसूचित जमातींना स्वयम् आणि अनुसूचित जातींना स्वाधार या राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या योजना आहेत. विद्यापीठ तेच असल्याने, विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या मायग्रेशन प्रमाणपत्राचीही कटकट नसते. ती पुण्याला किंवा अन्यत्र जाणाऱ्याच्या वाट्याला येते.

घरच्या शेतीचा विचार मात्र कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला जोर येतो आणि त्याच काळात पहिल्या सत्राच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. घरात हात कमी असतील, तर जवळ राहून दोन्ही सांभाळता येते, आणि अशा विद्यार्थ्याने महाविद्यालय निवडले तर त्यात कमीपणा नाही. मराठी किंवा इतिहास यांसारख्या विषयांत शिकवणारे चांगले असतील, तर मीही जवळचाच पर्याय सुचवीन. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा उपकरणांवर अवलंबून असलेल्या विषयांसाठी, आणि पुढे नेट, सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा किंवा संशोधनाचा मानस असेल तर, माझे मत प्रशाळेच्या बाजूचे आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) आहेत. म्हणून प्रवेशाआधी दोन्हीकडे जाऊन मागील वर्षीचे प्रकल्प अहवाल पाहायला मागावेत, त्यांतील आकडे कोणत्या प्रयोगशाळेत काढले आहेत ते वाचावे, आणि ती प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी.