जेब्कोचा मोफत समुद्रतळ नकाशा: ज्वालामुखी बेटाभोवती कितपत उपयोगी?

समुद्रतळावरील अधिवासांचा नकाशा तयार करायला बसणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी जेब्को (महासागरांच्या खोलीचे नकाशे बनवणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम) याचा खोलीचा नकाशा येतो. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम आज जगभरच्या समुद्रांची खोली विनामूल्य देतो. हवा तेवढाच भाग निवडून जिओटिफ (स्थानाची माहिती जोडलेली चित्र-फाइल) स्वरूपात उतरवून घेता येतो आणि क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये तो सहज उघडतो. मी तो दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटासाठी वापरला.

खोल पाण्यासाठी तो फार चांगला आहे. जमिनीवर जेमतेम ८८ चौरस किलोमीटर भरणारे हे बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचा शेंडा आहे, हे नकाशा पाहताक्षणी पटते; भोवतालचे समुद्रपर्वत शोधायलाही तो पुरतो.

किनाऱ्यालगत मात्र जपून वापरावा. हा नकाशा चौकोनांच्या जाळीचा असून प्रत्येक चौकोनाला खोलीचा एकच आकडा असतो; असा एक चौकोन विषुववृत्ताजवळ सुमारे ४५० मीटरचा असतो, आणि ज्वालामुखी बेटांचा उथळ मंच बहुधा अरुंद असून त्यापुढे उतार एकदम खाली जातो. उतार २० अंशांचा धरला तरी एकाच चौकोनात खोली सुमारे १६० मीटरनी बदलते. म्हणजे वरच्या कडेला उन्हावर वाढणारे शैवाल आणि खालच्या कडेला अंधारात राहणारे प्रवाळ असले, तरी नकाशा दोघांना एकच आकडा देतो. जैवविविधता जिथे सर्वांत दाट, नेमकी तिथेच ही अडचण येते.

माझ्या मते यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सोबत मिळणारा टीआयडी (माहितीच्या स्रोताचा सांकेतिक आकडा) हा थर, आणि तो न उघडताच काम सुरू करणारे अनेक जण असतात याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रत्येक चौकोनाची खोली कुठून आली, हे तो सांगतो: ११ म्हणजे जहाजावरील बहुकिरणी ध्वनिमापकाने मोजलेली, ४० म्हणजे उपग्रहाच्या गुरुत्वाकर्षण नोंदींवरून अनुमानलेली. ४० आकड्याच्या चौकोनावर गुळगुळीत दिसणारा उतार खरोखर तसाच असेल, असे धरून अधिवासाची सीमा आखू नये.

शिवाय वाळू, लाव्हाचा खडक आणि चुनखडी शैवालाच्या गोट्यांचा थर हे तिन्ही एकाच खोलीवर असू शकतात. त्यांतला फरक परतलेल्या ध्वनीच्या तीव्रतेवरून आणि तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्यातूनच कळतो. तो कॅमेरा नेमका कुठे सोडावा हे ठरवण्यासाठी मी हा नकाशा निःसंकोचपणे सुचवीन.