शिंग्रिक्स: नागिणीची लस टोचून घेण्याआधी बाटल्या दोन आहेत ना, ते पाहा

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही, ही समजूत गोव्यात अजून पुरती गेलेली नाही. खरा त्रास वेगळा आहे. फोड सुकून गेल्यावरही तिथल्या नसेत महिनोन् महिने राहणारी आग झोप घालवते, अंगावर सदरा ठेवू देत नाही. पन्नाशीनंतर हा धोका वाढत जातो आणि त्यावर शिंग्रिक्सइतकी भरवशाची लस दुसरी नाही. भारतात ती 2023 पासून मिळते.

हिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे, 50 मायक्रोग्रॅम. नुसतं प्रथिन टोचलं तर उतारवयातलं शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. ती घ्यायला लावतं सोबतचं एएस01बी हे मिश्रण. त्यात चिलीत वाढणाऱ्या किलाया झाडाच्या सालीतलं क्यूएस-21 हे सॅपोनिन 50 मायक्रोग्रॅम असतं आणि साल्मोनेला जिवाणूपासून काढलेलं एमपीएल हे स्निग्ध द्रव्य तेवढंच. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. पण मोकळं क्यूएस-21 पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, तांबड्या रक्तपेशी फोडतं. म्हणून ते कोलेस्टेरॉल असलेल्या लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, अडकवलेलं असतं. कोलेस्टेरॉल त्याला धरून ठेवतं, त्याचा विखार जातो, आणि काखेतल्या लसिकाग्रंथीत पोचून ते एमपीएलच्या जोडीने टी-पेशींना, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, कामाला लावतं. सालीचा काढा पिऊन यातलं काहीही साधत नाही.

गुण किती? मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्यांत सुमारे 97 टक्के, सत्तरीपुढेही 90 च्या आसपास. याआधीची जिवंत विषाणूची लस साठीपुढे जेमतेम 51 टक्क्यांवर होती आणि वयाबरोबर आणखी घसरायची. वय वाढूनही न घसरणं हीच या मिश्रणाची खरी कमाई.

आता टोचून घेताना बघायच्या गोष्टी. खोक्यात दोन बाटल्या असतात: तपकिरी झाकणाची पावडर आणि निळसर-हिरव्या झाकणाचं द्रावण. ते द्रावण म्हणजे साधं पाणी नव्हे, सालीचा अर्क त्यातच आहे. ते सगळं पावडरीत घालून हलकेच फिरवायचं आणि 0.5 मिली दंडाच्या स्नायूत द्यायचं. पावडर दुसऱ्याच पाण्यात कालवली, किंवा नुसतं द्रावणच टोचलं, तर डोस वाया गेला. सुई कातडीखालीच राहिली तर दंड जास्त सुजतो. कालवलेली लस लगेच द्यावी. ठेवावीच लागली तर 2 ते 8 अंशांत, सहा तासांपर्यंत. डोळ्यांदेखत कालवायला सांगा, त्यात संकोच कसला?

गोव्यात घात होतो तो तापमानाचा. पावसाळ्यात लाइट तासन् तास जाते, म्हणून फार्मसीच्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का आणि जनरेटर की इन्व्हर्टर, हे विचारूनच पैसे द्या. उलटी चूकही तितकीच महागात पडते. म्हापशाहून पेडण्याला लस नेताना कडक गोठलेल्या आइसपॅकला खोका टेकला, किंवा घरी कुणी तो फ्रीझरात ठेवला, की पिशव्यांची रचना बिघडू शकते. एकदा गोठलेली लस वितळल्यावर ठीक दिसली तरी टाकूनच द्यायची.

दुसरा डोस 2 ते 6 महिन्यांनी. तो चुकवू नका. टोचल्यावर दंड ठणकणं, अंग मोडून येणं, थकवा, काहींना थंडीताप हे एक ते तीन दिवस चालतं. हे त्या मिश्रणाचंच काम आहे, लस बिघडल्याची खूण नव्हे. दुखल्यावर पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. चवथीच्या तोंडावर मात्र तारीख घेऊ नका, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला हात वर जाणार नाही.

नागीण अंगावर असताना ही लस औषध म्हणून चालत नाही. फोड पूर्ण बरे होऊ द्या. खर्च मोठा आहे, दोन्ही डोस मिळून पाच आकडी रक्कम जाते. मधुमेह असलेल्या साठीपुढच्या माणसासाठी तो करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डोसांची वेळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायची; तिथे दुसरा डोस महिन्या-दोन महिन्यांतही देतात.