आरोग्यातली समता शिकवणारी प्रशिक्षणं: कुठलं वस्तीपर्यंत पोचतं?

प्रशिक्षणाचं वेळापत्रक हातात आलं की आधी वस्तीभेटीचा रकाना बघा. पाच दिवसांत एकच दुपार, तीही शेवटच्या दिवशी जेवण आणि समारोप यांच्या मध्ये कोंबलेली असेल, तर बाकी कितीही चांगली नावं छापलेली असोत, त्यातून हाताला फार काही लागत नाही. गावात कोण मागे राहतं आणि का, हे ज्याच्या-त्याच्या वाडीवर, तांड्यावर जाऊनच कळतं. पुढची सगळी पारख याच कसोटीवर केली आहे. गटप्रवर्तक, समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका, एमएसडब्ल्यू करून संस्थेत लागलेली मुलं-मुली यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

सगळ्यांत वरचा क्रमांक सहभागी शिक्षण व कृती, म्हणजे पीएलए पद्धतीच्या प्रशिक्षणाला. झारखंडमधल्या चक्रधरपूरच्या ‘एकजुट’ संस्थेने ती आपल्याकडे रुजवली. बायकांचा गट दर महिन्याला बसतो. आधी आपल्या अडचणी शोधून त्यांचा क्रम लावायचा, मग उपाय ठरवायचे, ते अमलात आणायचे आणि शेवटी काय साधलं ते स्वतःच तपासायचं. झारखंड-ओडिशातल्या चाचणीत अशा 20 बैठकांचं एक चक्र होतं. 2010 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नवजात मृत्यूदर 32 टक्क्यांनी कमी झाला, आणि सर्वांत वंचित घरांना त्याचा फायदा जास्त झाला, असं पुढच्या विश्लेषणात दिसलं. आरोग्यातल्या बहुतेक कार्यक्रमांत उलटं होतं. जे आधीच पुढे असतात तेच आधी फायदा उचलतात. म्हणून ही गोष्ट मोठी आहे.

प्रशिक्षणात दोन खेळ असतात आणि सगळा कस त्यांत लागतो. पहिला सत्तेची चाल. बारा-पंधरा चिठ्ठ्या करायच्या: सरपंचांची सून, किराणा दुकानदाराची बायको, बारावी झालेली अंगणवाडी मदतनीस, ऊसतोडीला निघालेली गरोदर बाई, कातकरी वाडीतली पहिलटकरीण, अपंग विधवा. सगळ्या एका रेषेत उभ्या. प्रशिक्षक एकेक वाक्य वाचतो. “पोटात दुखायला लागलं तर मी आजच्या आज दवाखान्यात जाऊ शकते.” “कुणाला न विचारता शंभर रुपये खर्च करू शकते.” “नर्सबाई मला नावानं हाक मारतात.” “ग्रामसभेत मी बोलले तर लोक ऐकून घेतात.” चिठ्ठीतल्या बाईला लागू असेल तर एक पाऊल पुढे, नसेल तर जागेवर. दहा-बारा वाक्यांत रेषा मोडते आणि शेवटी दोघी-तिघी अगदी भिंतीपाशी उरतात.

खेळ वीस मिनिटांचा, पण चर्चेला चाळीस मिनिटं हवीत. कच्चा प्रशिक्षक इथेच टाळ्या घेतो आणि चहा सोडतो. पक्का प्रशिक्षक सगळ्यांना जागेवरच उभं ठेवतो आणि सर्वांत मागे राहिलेलीला आधी बोलतं करतो: तिथून काय दिसतंय, पुढच्यांचं बोलणं ऐकू येतंय का. मग पुढच्यांना विचारतो, मागं वळून बघितलं होतं का. चिठ्ठ्या वाटतानाही जपावं लागतं. खऱ्या आयुष्यात विधवा असलेल्या ताईच्या हातात विधवेचीच चिठ्ठी आली तर तिला चारचौघांत उघडं पाडल्यासारखं होतं. चिठ्ठ्या डोळे मिटून उचलायच्या आणि नको असेल तर बदलून घ्यायची मुभा आधीच जाहीर करायची. आणि खेळाचा शेवट गावाच्या नकाशावर व्हायला हवा: भिंतीपाशी उरलेल्या बाया आपल्या गावात कोणत्या घरांत राहतात, ती घरं खडूनं दाखवायची. ही पायरी गाळली तर खेळ तेवढा लक्षात राहतो आणि कामात काहीच उतरत नाही.

दुसरा खेळ ‘पण का?’ एक गोष्ट सांगायची, तिच्यात बाळ दगावलेलं असतं. का? ताप होता. पण ताप तर बरा होतो, मग का? दवाखान्यात उशिरा नेलं. का? नवरा घरी नव्हता, तोडीवर होता. का? मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली होती. का? आधीच्या बाळंतपणाचं कर्ज होतं. साखळी फळ्यावर लिहीत जायची. चूक जवळपास प्रत्येक तुकडीत एकच होते: दुसऱ्या-तिसऱ्या कडीवर कुणीतरी म्हणतं, “आईला समजत नव्हतं हो,” आणि साखळी तिथेच संपते. दोष बाईवर टाकला की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. चांगला प्रशिक्षक विचारतो, “समजत नव्हतं, पण का? तिला सांगायला कोण गेलं होतं?” मग शेवटचा प्रश्न: यातली कोणती कडी आपण या महिन्यात तोडू शकतो? उचलीला हात घालता येणार नाही, पण गाडीभाड्याचा सामायिक डबा ठेवता येतो, रात्री कुणाला उठवायचं ते ठरवता येतं.

पीएलए घेताना मात्रेबद्दल, म्हणजे किती लोकांमागे एक गट याबद्दल, नक्की विचारा. झारखंड-ओडिशात साधारण 468 लोकवस्तीमागे एक गट होता. बांगलादेशात हीच पद्धत पहिल्यांदा वापरली तेव्हा 1,414 लोकांमागे एक गट होता आणि परिणाम दिसला नाही. पुढे तिथेच गट दाट केले तेव्हा दिसला. गावातल्या किमान तीस टक्के गरोदर बायका गटात येत असतील तर उपयोग होतो, असं सात चाचण्या एकत्र मांडल्यावर 2013 साली पुढे आलं. जे प्रशिक्षण बैठक कशी घ्यायची तेवढंच शिकवतं आणि तुमच्या गावाला गट किती लागतील याचा हिशेब करून घेत नाही, ते अर्धंच आहे. हा हिशेब वहीच्या एका पानावर बसतो: लोकसंख्या, वस्त्या, सध्याच्या गरोदर बायका, त्यांतल्या गटात किती.

दुसरं, नवजात बाळाच्या घरगुती काळजीचं, एचबीएनसीचं प्रशिक्षण. याच्या नावात समता नाही, पण त्याचा उगम गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या 39 गावांत आहे. तिथे गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला आणि 1999 साली ते जगापुढे मांडलं गेलं. आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, प्रशिक्षणाच्या सहाव्या-सातव्या मोड्यूलमध्ये हे कौशल्य आलं. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, एकूण 20 दिवस. फेऱ्यांच्या मधला काळ गावात सरावाचा. रचना उत्तम आहे. घोटाळा होतो तो वीस दिवस सलग उरकले की, किंवा तीस जणींत दोनच वजनकाटे आले की. चार-पाच जणींमागे एक पूर्ण संच हवा, नाहीतर बहुतेक जणी बघूनच घरी जातात.

कौशल्य तपासायचं तर श्वास मोजायला सांगा. बाळ शांत असताना, पोटावरचा कपडा बाजूला करून, पूर्ण एक मिनिट. पुष्कळ जणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात आणि चुकतात, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच भराभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचं, तरीही तेवढेच आले तर दवाखान्यात पाठवायचं. काट्याचंही तसंच: रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. थर्मामीटर काखेत, हात अंगाशी धरून, शिट्टी वाजेपर्यंत. प्रशिक्षकानं हे प्रत्येकीकडून तीनदा करून घेतलं तरच हात बसतो. घड्याळाची आणि थर्मामीटरची बॅटरी संपल्यावर नवी कुठून मिळणार, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. सराव बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाच्या घरभेटी सहा: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवसाची एक वाढते. आणि इथे आपल्याकडचा मोठा खड्डा आहे: पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या आशेच्या वहीत, बाळ माहेरच्या गावात, भेट कुणाचीच नाही. तोडीवर गेलेल्या बाईचंही हेच. ऊसतोड कामगार दिवाळीच्या मागेपुढे निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, तोवर बाळ कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, असतं. सातव्या-आठव्या महिन्यातच “बाळंतपण कुठं करणार?” विचारून तिथल्या आशाताईचा नंबर घेणं, आणि आलेल्या पाहुणीचं नाव आपल्या वहीत वेगळं लिहिणं, हे ज्या प्रशिक्षणात सराव म्हणून करून घेतात ते खरंच समतेचं प्रशिक्षण. आयोजकांना हा एक प्रश्न विचारला तरी त्यांची तयारी कळते.

लोकाधारित देखरेख व नियोजनाची प्रशिक्षणं वेगळ्या धाटणीची. 2007 साली महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झालं. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्यपातळीवर समन्वय बघत होती. गावानं आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरायचं, हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा आणि सुटत नाही ते अधिकाऱ्यांसमोर भरणाऱ्या जनसुनवाईत मांडायचं. इथे हक्काची भाषा शिकायला मिळते, जी बाकीच्या ठिकाणी फार कमी मिळते. पण जनसुनवाईची तयारी किती शिकवतात ते पाहा. तक्रार लेखी हवी, तारखेसह. बाहेरून औषध आणायला लावलं असेल तर बिल जोडलेलं हवं. ज्या बाईचा अनुभव आहे तिची संमती हवी, आणि दुसऱ्या दिवशी तिला कुणी त्रास दिला तर तिच्या बाजूला कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं हवं. मुद्द्यांची यादी अधिकाऱ्यांकडे काही दिवस आधी गेली तर उत्तर मिळतं, ऐनवेळी मांडली की “बघतो” मिळतं. आणि सगळा राग उपकेंद्रातल्या एकट्या सिस्टरवर निघू द्यायचा नाही. पद रिकामं असणं, औषधाची मागणी वर अडकणं हा तिचा गुन्हा नाही. प्रगतिपत्रक भरताना लागणारी दक्षता अशी की सभा चावडीवर भरली तर चावडीवर येणाऱ्यांचंच मत रंगात उतरतं. दलित वस्ती, पाडा, मुस्लिम मोहल्ला इथे वेगळी बैठक घेऊन रंग वेगळे भरायचे आणि मग शेजारी-शेजारी ठेवायचे. गावाचा सरासरी पिवळा रंग बऱ्याचदा एका वस्तीचा हिरवा आणि दुसरीचा लाल असतो.

जामखेडला जाऊन शिकण्याचं मोल अजून कमी झालेलं नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावानं निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रशिक्षण संस्थेत देशोदेशीचे लोक येतात आणि या गावच्या बाया त्यांना शिकवतात. वर्गापेक्षा तोच भाग मोलाचा. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवायचे म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिकडे येईल, असा विचार या प्रकल्पानं केला होता. हातपंपाची जागा ठरवणं हेही आरोग्याचंच काम, हे तिथे चांगलं समजतं. ज्यांना उद्याच्या उद्या वापरायचं तंत्र हवं आहे त्यांनी मात्र आधी पीएलए करावं. जामखेड हे दृष्टी घडवण्यासाठी.

नोकरी सोडून दोन वर्षं देता येत असतील तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भक्कम आहे. आकडेवारी आणि जात-वर्ग-लिंग यांचा संबंध नीट शिकवला जातो. ऑनलाइनमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोर्सेरावरचा प्राथमिक आरोग्यसेवेचा अभ्यासक्रम ऐकण्यासारखा, त्यात जामखेडही भेटतं. पण तो इंग्रजीत आहे आणि घरी बसून गटबैठक घ्यायला कुणी शिकत नाही.

आपण स्वतः प्रशिक्षण भरवणार असाल तर तारखा जपा. भातलावणी, मोहाचा हंगाम, आठवडी बाजाराचा दिवस आणि दिवाळीआधीचा पंधरवडा टाळा. मुक्कामी असेल तर लेकुरवाळ्यांसाठी पाळणा आणि तो सांभाळणारी बाई खर्चात धरा, नाहीतर तान्ही मुलं असलेल्या आशा येणारच नाहीत आणि समतेवरचं प्रशिक्षण त्यांच्याविनाच होईल. प्रवासभत्ता शेवटच्या दिवशी हातात पडेल असं बघा. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, धडगावात पावरी: खेळातली वाक्यं आदल्या संध्याकाळी स्थानिक ताईंकडून त्या बोलीत करून घ्या. ‘हक्क’ आणि ‘सोय’ यांना वेगळे शब्द सापडायला वेळ लागतो, तो द्या. जेवायला पंगती कशा बसतात आणि खोल्यांत कोण कुणाबरोबर झोपतं, तेही प्रशिक्षकानं पहिल्या रात्रीच पाहावं.

फी भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या दोघींशी फोनवर बोलायला मिळेल का, असं संस्थेला विचारा. त्या दोघींना प्रशिक्षण कसं वाटलं हे विचारू नका, सगळ्या छानच म्हणतात. विचारा, “घरी आल्यावर तुमच्या वस्तीत पाहायला कोण आलं, आणि किती दिवसांनी?” महिनाभराच्या आत कुणी आलं असेल तर नाव नोंदवा.