बाटलीवर लॅकर, आत भलतेच

गेल्या पावसाळ्यात मी १:४८ प्रमाणातले स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे मॉडेल रंगवायला घेतले होते. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतल्या विमानांप्रमाणे पंखांवर मातकट तपकिरी आणि गडद हिरवा असे दोन रंग द्यायचे असल्यामुळे आधी तपकिरी देऊन, त्यातला राखायचा भाग मास्किंग टेपने झाकून, मग हिरवा फवारणे ओघाने आलेच. टेप काढताना मात्र डाव्या पंखावरचा तपकिरी रंग खालच्या राखाडी प्रायमरसकट, म्हणजे रंगाआधी दिलेल्या अस्तराच्या थरासकट, सालीसारखा निघून आला आणि कोरे प्लास्टिक दिसू लागले.

प्रायमर जागेवर राहून नुसता वरचा रंग निघाला असता, तर दोष त्या दोन थरांमधला असता. येथे प्रायमरनेच प्लास्टिक सोडले होते, आणि लॅकर प्रायमर, म्हणजे उग्र थिनरमध्ये विरघळवलेला प्रायमर, सहसा असे करत नाही, कारण त्यातले द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करून त्यात पकड घेते. हे मला ठाऊक होते, तरीही मी फसलो.

लॅकर म्हणून विकलेला हा प्रायमर मी हौशी मंडळींच्या एका गटात ओळख झालेल्या विक्रेत्याकडून घेतला होता. लॅकर ज्वलनशील असल्यामुळे हवाई टपालाने येत नाही, त्यामुळे परदेशी माल आपल्याकडे दुर्मीळ आणि महाग असतो. नेमक्या याच अडचणीचा फायदा घेऊन मोठ्या डब्यातून काढलेला ‘अस्सल जपानी’ प्रायमर तो छोट्या बाटल्यांत भरून विकत होता. तीन बाटल्यांचे १,८५० रुपये मी यूपीआयने आगाऊ दिले. पावती मागितली नाही, हा माझा पहिला मूर्खपणा.

तक्रार केल्यावर त्याने अतिशय नम्रपणे विचारले, “सर, सुटे भाग साबणाने धुतले होते का? साच्याचे तेल राहिले की असेच होते. पावसाळी हवेत रंग किती तास वाळू दिला? टेप आधी हाताच्या पाठीवर चिकटवून तिचा चिकटपणा कमी केला होता का?” यातला प्रत्येक प्रश्न रास्त होता. रंग उखडण्याची खरी कारणे इतकी आहेत की त्यांच्याआड खोटा माल सहज लपतो. मी भाग धुतले होते, रंग २४ तास वाळवला होता, तरी मलाच माझ्या हातांविषयी शंका आली आणि त्याने सुचवलेली ‘जास्त पकडीची’ चौथी बाटली मी आणखी ६०० रुपयांना घेतली.

दुसऱ्या वेळी भाग कोमट साबणपाण्याने घासून धुतले, रंग दोन पूर्ण दिवस वाळवला, टेपचा चिकटपणा उतरवून घेतला आणि ती काढताना वर न ओढता स्वतःवरच दुमडत सावकाश सोलली. रंग पुन्हा निघाला.

तेव्हा कुठे बाटलीतला थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहिला. लॅकर पाण्यात मिसळत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. हा थेंब दुधासारखा पसरला. थिनरचा उग्र वास नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आले; नाकाला ते पहिल्याच दिवशी कळायला हवे होते. मग एका मित्राकडचा खात्रीचा लॅकर प्रायमर एका प्लास्टिकच्या चमच्यावर आणि हा दुसऱ्यावर दिला, दोन्हींवर तोच तपकिरी रंग फवारला आणि दोन दिवसांनी एकाच रिळातली टेप लावून काढली. मित्राच्या चमच्यावर ओरखडाही उमटला नाही; दुसऱ्याचा रंग पट्टीभर सोलून निघाला.

दोन्ही चमच्यांचे छायाचित्र पाठवताच विक्रेत्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे अद्याप परत आलेले नाहीत. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका गटात वेगळ्या नावाने तशाच बाटल्या विकायला आल्या, आणि छायाचित्रात त्यांच्याखाली तीच निळ्या फुलांची चादर आहे.