शेतावरची भाजीटोपली: जून ते संक्रांत, वापरानंतरचा अनुभव

पुरंदर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या गटाकडून आम्ही जूनमध्ये आठवड्याची भाजीटोपली लावली. आता संक्रांतही झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही. शनिवारी सकाळी कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटवर टेम्पो येतो, आपापली टोपली उचलायची. दोन माणसांच्या टोपलीत दोन-तीन पालेभाज्या, चार-पाच फळभाज्या आणि मिरची-कोथिंबीर. पैसे महिन्याचे आगाऊ. काय यावं हे मात्र आपल्या हातात नाही, शेतात जे निघेल ते येणार. या योजनेतलं बरं-वाईट सगळं या एका अटीतून येतं.

बरं आधी सांगतो. ऑगस्टमधला वाटाणा! पुरंदरचा पावसाळी वाटाणा मंडईतही मिळतो, पण शेंग तोडली की दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलायला लागते. आदल्या संध्याकाळी तोडलेला वाटाणा आणि मार्केट यार्ड, मग किरकोळ गाळा, मग हातगाडी असा हिंडून आलेला वाटाणा यांची चव एक असणं शक्यच नाही. उसळीसाठी सोलायला बसलो आणि निम्मे दाणे कच्चेच संपवले.

पालेभाज्यांनी मात्र घाम काढला. तोवर आमच्याकडे पालेभाजी म्हणजे मेथी आणि पालक. टोपलीतून अंबाडी आली, राजगिरा आला, घोळ आली, थंडीत चाकवत आला. अंबाडीची जुडी घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो. त्या मूळच्या जळगावच्या. म्हणाल्या, "आधी उकडून पाणी काढून टाका हो, नाहीतर दात आंबतील." मग पाला घोटायचा, त्यात शिजलेली तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या, तिखट, मीठ, गुळाचा खडा. वर लसूण आणि सुक्या मिरच्यांची फोडणी, ती निम्मी बाजूला ठेवून ताटात वाढल्यावर पुन्हा ओतायची. लोखंडी कढईत करू नका, आंबट भाजी काळी पडते. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी जेवल्यापासून पनीर आमच्याकडे क्वचितच येतं.

चाकवत त्यापेक्षा सोपा. शिजवून घोटायचा, ताकात कालवलेलं बेसन लावायचं, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवून शिजवलेले असले की झालं.

भाद्रपदात एक गंमत झाली. ऋषिपंचमीच्या आठवड्यात टोपलीत अळू, माठ, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याची कणसं असं सगळंच थोडं थोडं आलं. मला वाटलं, सणासाठी मुद्दाम भरलंय. टेम्पोवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "या दिवसांत दुसरं असतंय काय शेतात?" भोगीला तोच प्रकार. पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, सगळं मूठ-मूठ. तिळकूट आणि शेंगदाण्याचं कूट घालून एकत्र शिजवलं, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एकेका भाजीचं पाव किलोसुद्धा येत नसेल तर माणूस मिसळूनच शिजवणार. या भाज्या मला आजवर नुसत्या धार्मिक वाटायच्या. त्या मुळात अशाच टोपल्यांवर बेतलेल्या असाव्यात, असं आता वाटतं.

आता कुरकुर. दुधी. पावसाळ्यात दुधी इतका आला की भाजी, थालीपीठ, हलवा, सालींची तीळ घालून चटणी, सगळं करून झालं आणि तरी फ्रिजमध्ये एक शिल्लक. दोडका परवडला, त्याच्या शिरांची चटणी तरी कंटाळा येऊ देत नाही. पावसाळी पाल्याला चिखल असतो. फ्लॉवरमध्ये अळ्या निघतात, मिठाच्या कोमट पाण्यात ठेवावाच लागतो. शनिवारचा तास-दीड तास निवडण्यात जातो. पाला न धुता, सुती कापडात गुंडाळून ठेवायचा आणि दोन दिवसांत संपवायचा. भेंडी-गवार आठवड्याच्या मध्यावर. भोपळा, सुरण, कोबी शेवटी. हा क्रम पाळला नाही तर बुधवारपर्यंत निम्मी टोपली कचऱ्यात जाते.

दर मंडईपेक्षा थोडा चढाच आहे. दलाल नाही म्हणजे स्वस्त, असं समजून येऊ नका. दिवाळीत आम्ही गावी होतो, त्या आठवड्याचे पैसे पुढे धरले नाहीत. आधी कळवूनही. हे मला पटलेलं नाही.

आणि हा गट आपल्या भाजीला लावतो तो 'विषमुक्त' हा शब्द. प्रमाणपत्र विचारलं तेव्हा "पीजीएस-इंडियाचं काम सुरू आहे" असं उत्तर मिळालं. पीजीएस-इंडिया म्हणजे सेंद्रिय मालाला प्रमाणपत्र देण्याची एक सरकारी पद्धत. या पद्धतीत बाहेरची संस्था न येता गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, आणि रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळातल्या मालाला 'पीजीएस ग्रीन' म्हणतात. पद्धत चांगली आहे, पण कागद अजून पाहिलेला नाही. त्यामुळे मी ही भाजी ताजी म्हणून घेतो, सेंद्रिय म्हणून नाही, आणि जास्तीचे पैसेही ताजेपणाचेच समजतो.

पाचपैकी साडेतीन तारे. घरात एकालाही भाजी निवडायचा उत्साह नसेल किंवा मुलं ठरावीक तीनच भाज्या खात असतील, तर लावू नका. आठवडे बाजारात जाऊन हवं ते घेतलेलं बरं. नवं काही शिजवून बघायची हौस असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करा, तेव्हा विविधता सगळ्यात जास्त मिळते. उन्हाळ्यात पाला कमी होणार, गवार-काकडी-दुधी वाढणार, असं दादांनी आत्ताच बजावून ठेवलंय. आमचे पैसे मार्चपर्यंत भरलेत. एप्रिलपासून छोटी टोपली घेणार, आणि दुधी आला की थेट काकूंच्या दारात.