खिचडी, पिठलं की वरणफळं? घरचे कधी पोचतात ते आधी बघा

एकजण सीएसएमटीहून धीम्या लोकलने येणार, दुसरी महाप्याचं ऑफिस आटोपून घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडणार, मुलांचा क्लास आठला सुटणार. ठाणे-नवी मुंबईतल्या अशा घरात रात्री साधं, पोटभर, घरचं काय करायचं हे चवीपेक्षा पानं किती वाजता आणि किती हप्त्यांत मांडली जातात यावर ठरवावं. तिन्ही पदार्थ चवीला चांगलेच आहेत, पण ताटकळत ठेवल्यावर तिघांचं वागणं अगदी वेगळं. पुढची मापं चारजणांची आहेत, वाटी 150 मिलीची.

मूगडाळीची खिचडी हप्त्याहप्त्याने जेवणाऱ्यांसाठी. दीड वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, मऊ हवी असेल तर साडेआठ वाट्या उकळतं पाणी. मोकळी हवी तर साडेपाच. धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद घालून डाळ-तांदूळ तीन मिनिटं परता, मग पाणी, मीठ आणि चमचाभर तूप. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबा. हाताचं काम दहा-बारा मिनिटांचं. बाकी कुकर बघतो.

तांदूळ कोलमच घ्या. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, तोवर वाडा तालुका ठाण्यातच होता, म्हणजे हा आपल्या उशालाच पिकणारा तांदूळ. बारीक दाणा लवकर मऊ होतो, पण आंबेमोहरासारखा चिकट होत नाही. घरात लहान बाळ किंवा दात नसलेलं माणूस असेल तर मात्र आंबेमोहरच बरा. बासमती खिचडीत फुकट जातो.

शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा माखतो, त्याची कारणं दोन: कुकर अर्ध्याच्या वर भरलेला असतो आणि आच मोठी असते. डाळीचा फेस वर चढून शिट्टीच्या भोकात जातो. मऊ खिचडीचं हे माप तीन लिटरच्या कुकरात नेमकं अर्ध्यापर्यंत येतं, म्हणून पाच लिटरचा काढा. चमचाभर तूप फेस दाबतं. तळाला लागते ती पाणी घातल्यावर उलथन्याने तळ खरवडून न घेतल्यामुळे. परतताना चिकटलेली डाळ तिथेच करपते.

थांबल्यावर खिचडी घट्ट होते, कारण दाणा पाणी पीत राहतो. दोन पानांमागे अर्धी-पाऊण वाटी उकळतं पाणी घालून मंद आचेवर ढवळा, पूर्ववत होते. गार पाणी घातलं तर खिचडी एकीकडे आणि पाणी एकीकडे. उरलेली दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी. इथल्या दमट उकाड्यात भात रात्रभर बाहेर ठेवणं धोक्याचं.

पिठलं-भात कोण कधी येईल याचा पत्ताच नसेल तेव्हा. माणूस दारात आल्यावर गॅस पेटवला तरी वीस-पंचवीस मिनिटांत ताट वाढता येतं, शेजारी भाताचा कुकर लावायचा. बेसन दीड वाटी, पाणी सहा वाट्या. भाकरीबरोबर खायचं असेल तर पाणी साडेचार. बेसन गार पाण्यातच कालवा. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गोळीचं बाहेरचं आवरण शिजून घट्ट होतं आणि आत कोरडं पीठ अडकतं, मग कितीही घोटा. फोडणीत आठ-दहा लसूण पाकळ्या, चार मिरच्या, एक कांदा. कालवलेलं पीठ ओतताना दुसरा हात ढवळत राहिला पाहिजे.

सर्वात जास्त फसतं ते इथे: दाटलं की झालं असं वाटतं. दाटायला दोन-तीन मिनिटं लागतात, कच्चा वास जायला झाकण ठेवून मंद आचेवर आणखी सात-आठ. त्याआधी उतरवलेलं पिठलं घशाशी येतं. कडवट लागलं तर दोष बेसनाचा, जुनं झालं की त्यातली चरबी खवट होते. पावसाळ्यात अर्धा किलोच आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पिठलं गार झालं की वडीसारखं बसतं आणि पुन्हा गरम केल्यावर पहिल्यासारखं होत नाही, तेव्हा करून ठेवू नका. भाकरी घरी थापायची तर अर्धा तास वाढतो. पोळीभाजी केंद्रातून आणली तर हा प्रश्नच उरत नाही.

वरणफळं सगळे एकत्र बसणार असतील तेव्हाच, म्हणजे बहुधा रविवारी. तासभर लागतो आणि त्यातली चाळीस मिनिटं उभं राहून. एक वाटी तूरडाळ शिजवून आठ-नऊ वाट्यांची पातळ आमटी करा: गोडा मसाला दोन चमचे, गूळ, चार आमसुलं. आमसूल डाळ शिजल्यावरच, आंबटात डाळ दडदडीत राहते. अडीच वाट्या कणीक पुरीसारखी घट्ट मळा, पातळ लाटून शंकरपाळे कापा. आमटी खळखळत असताना पाच-सहा, पाच-सहा असे सोडा. उकळी मोडली की ते एकमेकांना चिकटतात, सैल कणकेचे विरघळून लगदा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात, वर तूप.

अर्ध्या तासात फळं सगळी आमटी पिऊन फुगतात. एखादा उशिरा येणारच असेल तर त्याच्या वाटणीचे कच्चे शंकरपाळे पिठी भुरभुरून ताटात पसरून ठेवा, थोडी आमटी बाजूला काढा आणि तो आला की उकळत्या आमटीत सोडा.