गॉटलंडचं एकच नाणं घ्यायचं तर पेनिंग की ओर्टुग?

बाल्टिक समुद्रातल्या, आज स्वीडनमध्ये असलेल्या गॉटलंड बेटाचं एखादं जुनं चांदीचं नाणं संग्रहात हवं असेल, तर निवड मुख्यतः दोनांत असते. एक, साधारण ११४० पासून तेराव्या शतकाच्या अखेरपर्यंत पाडलेला पेनिंग. दुसरा, बेटावरच्या विस्बी शहराच्या टांकसाळीतला ओर्टुग, ज्याला 'गोटे' असंही नाव आहे. तो साधारण १३४० ते १४५० या काळातला.

दिसायला ओर्टुग सरस. वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला झेंडा धरलेलं कोकरू आणि कडेने विस्बीचं नाव. शिवराई हाताळलेल्यांना इथली अर्धी सुटलेली अक्षरं नवी वाटणार नाहीत: ठसा मोठा, चकती लहान, हातोड्याचा घाव जरा तिरका. कोकराचं डोकं आणि झेंडा दोन्ही स्पष्ट असतील तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. पंधराव्या शतकातल्या ओर्टुगांत मात्र चांदी कमी होत गेली. १३६१ मध्ये डेन्मार्कच्या वाल्डेमारने बेट जिंकलं. त्याआधीचा नमुना मिळाला तर उत्तमच.

पेनिंग नखाएवढा, पाव ग्रॅमही भरत नाही. त्यावर अक्षरं नाहीत, राजाचं नाव नाही, फक्त चाकासारखा क्रूस आणि अशाच साध्या खुणा. अल्बममध्ये तो उठून दिसत नाही. पण या बेटावरचे शेतकरी-व्यापारी स्वतःच्या जहाजांतून रशियापर्यंत व्यापार करत होते, तेव्हा हेच नाणं चालत होतं. त्याची पत इतकी, की १२११ मध्ये रीगाच्या बिशपने आपल्या शहराचं नाणं गॉटलंडच्या नाण्याच्या तोडीचं असावं असं ठरवून दिलं. इवल्याशा बेटाचं नाणं समुद्रापलीकडच्या शहराला माप ठरावं, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणून माझं मत पेनिंगच्या बाजूने. अक्षरं वाचण्याची हौस असेल, नाणं चारचौघांना दाखवायचं असेल, तर ओर्टुग घ्या.

पेनिंग घेताना कड भिंगाखाली बघा. इतकी पातळ चांदी शतकानुशतकं मातीत राहून ठिसूळ होते. बारीक चीर असलेलं नाणं कागदी पाकिटातून काढतानाही तुटू शकतं. घासून चकचकीत केलेलं तर घेऊच नका. आणि नाणं कुठून आलं याचा कागद मागा. स्वीडनमध्ये परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर वापरायला बंदी आहे, तरी गॉटलंडच्या शेतांतून चांदीचे साठे चोरीला गेले आहेत. जुन्या संग्रहाची नोंद नसेल तर स्वस्तातलंही नाणं सोडून द्या.